खाटेवरून खिडकी दिसते का?

आम्हा आर्किटेक्टांकडे हॉस्पिटलचं काम आलं की पहिली मीटिंग हमखास एलेव्हेशनवर, म्हणजे बिल्डिंगच्या दर्शनी बाजूवर जाते. डॉक्टर मोबाईल काढतात, त्यात पुण्या-मुंबईच्या नाहीतर थेट दुबईच्या कुठल्यातरी हॉस्पिटलचा फोटो असतो, निळी काच, एसीपीचे (ॲल्युमिनियमच्या चकचकीत पॅनलचे) पट्टे, मधोमध मोठ्ठा लाल प्लस, आणि "मॅडम, आपल्याला असं पाहिजे" म्हणतात. माझी तक्रार नाही, रस्त्यावरून लोकांना दिसलं पाहिजे हे मलाही कळतं, कर्ज काढून बांधत असतात बिचारे. पण मी बरीच वर्षं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात छोटी हॉस्पिटलं करतेय, वीस खाटा, तीस खाटा, फार तर पन्नास, आणि हल्ली पहिल्याच मीटिंगला मी एक प्रश्न विचारून टाकते, की पेशंट खाटेवर आडवा झाला की त्याला काय दिसणार आहे? बहुतेक वेळा उत्तर असतं टीव्ही. नाहीतर पीओपी.

नैसर्गिक उजेडाने पेशंट लवकर बरे होतात हे आता सगळ्यांनाच माहितीये, निदान व्हॉट्सॲपवर तरी. आर्किटेक्टांच्या सेमिनारला गेलं की रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाचा १९८४ चा अभ्यास स्लाइडवर येतोच येतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधले पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, खोल्या जवळपास एकसारख्या, फरक एवढाच की काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, बाई की पुरुष, सिगरेट ओढतो की नाही असं सगळं जुळवून त्याने २३ जोड्या लावल्या. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना कडक पेनकिलर कमी लागल्या. 'सायन्स' या नावाजलेल्या शास्त्रीय नियतकालिकात छापलेला पेपर, त्यामुळे वजन मोठं. पण गंमत अशी की हा अभ्यास उजेडाचा नाहीच! खिडकी दोघांनाही होती. खिडकीबाहेर काय आहे त्याचा हा अभ्यास. हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे याच पेपरचं नाव घेऊन मोठमोठ्या काचा विकल्या जातात आणि काच बसल्यावर बाहेर पाच फुटांवर शेजारच्या लॉजचे ड्रेनेजचे पाइप दिसतात.

खरा उजेडाचा अभ्यास बघायचा तर पिट्सबर्गचा बघा, २००५ चा. मणक्याचं ऑपरेशन झालेले ८९ पेशंट, एकाच हॉस्पिटलच्या दोन बाजू, एका बाजूला चांगलं ऊन आणि दुसऱ्या बाजूला शेजारी बिल्डिंग उभी राहिल्यामुळे उजेड अडलेला. (अमेरिकेतपण साईड मार्जिनची, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेची, हीच रड आहे हे वाचून जरा बरं वाटलं.) उजेडाच्या बाजूच्या पेशंटना सरासरी ४६ टक्के जास्त ऊन मिळत होतं आणि त्यांनी तासागणिक २२ टक्के कमी पेनकिलर घेतल्या, औषधाचा खर्चही २१ टक्क्यांनी कमी. मी हा आकडा डॉक्टरांना सांगते तेव्हा ते मान डोलावतात, पण पेनकिलरचं बिल पेशंट भरतो आणि खिडकीचं बिल डॉक्टर भरतो, हेही दोघांना माहिती असतं.

अजून दोन अभ्यास माझ्या आवडीचे आहेत कारण त्यात कोणी काही मुद्दाम केलेलं नव्हतं, बिल्डिंग जशी होती तशी होती. कॅनडातल्या एडमंटनमध्ये डिप्रेशनच्या वॉर्डात निम्म्या खोल्या उन्हाच्या आणि निम्म्या अंधाऱ्या, पेशंट जागा रिकामी होईल तसे जाणार. १९९६ ला त्यांनी जुने रेकॉर्ड काढून बघितलं तर उन्हाच्या खोलीतले १६.९ दिवसांत बाहेर पडले आणि अंधाऱ्या खोलीतले १९.५ दिवसांत. मग त्याच लोकांनी हार्ट ॲटॅकचे पेशंट बघितले, तिथे अंधाऱ्या खोल्यांमध्ये ३३५ पैकी ३९ जण दगावले आणि उन्हाच्या खोल्यांमध्ये २९३ पैकी २१. दुसरा अभ्यास मिलानचा, २००१ चा, त्यात बायपोलर डिप्रेशनचे पेशंट पूर्वेच्या खोल्यांमध्ये असतील तर पश्चिमेच्या खोल्यांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी जात होते. म्हणजे नुसता उजेड नाही, सकाळचा उजेड. आपल्याकडे पूर्वेचं एवढं कौतुक आहे, वास्तुवाले पूर्वेवर अर्धा तास बोलतात, पण पूर्वेला ठेवतात काय तर रिसेप्शन आणि गणपती. खाटा पश्चिमेला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. २०११ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका टीमने मेंदूत रक्तस्राव झालेले ७८९ पेशंट बघितले, आयसीयूत खिडकी असलेली खोली आणि नसलेली खोली, निकालात काहीच फरक नाही. २०१६ मध्ये नेदरलँडमध्ये आयसीयूत दिवसभर कमी-जास्त होणारे खास दिवे लावून बघितले, पेशंट भ्रमात जाण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही, अभ्यास मधेच थांबवला. त्यामुळे कोणी तुम्हाला "सर्केडियन लायटिंग" नावाची महागडी सिस्टीम विकायला आला तर जरा सबुरीने घ्या. बेशुद्ध पडलेल्या, सेडेशनवरच्या माणसाच्या मिटलेल्या डोळ्यांना खिडकी काय करणार असं माझं आपलं साधं मत. उजेड म्हणजे काही अँटिबायोटिक नाही की एवढे मिलिग्रॅम दिले की एवढा गुण. पण जो माणूस जागा आहे, दुखतंय, कंटाळलाय, घाबरलाय, आणि दिवस आहे की रात्र हेच ज्याला कळेनासं झालंय, त्याला खिडकी लागते.

आमचे अण्णा काही दिवस आयसीयूत होते, हॉस्पिटलचं नाव घेत नाही, ट्रीटमेंट चांगली होती. आयसीयू होता मजल्याच्या बरोब्बर मधोमध, ऑपरेशन थिएटरला चिकटून, एकपण खिडकी नाही, चोवीस तास पांढरे पॅनल लाइट, मॉनिटरची टीं टीं. मला भेटायला सोडलं की पहिला प्रश्न "सकाळ का संध्याकाळ?" मी सांगायचे, पाच मिनिटांनी परत तेच. एकदा सिस्टर म्हणाली रात्री अडीचला उठून बसले आणि चहा का आणला नाही म्हणून भांडले, मळ्यात पाणी सोडायला जायचंय म्हणाले, सलाईन उपटायला निघाले. घरात सगळे घाबरले, म्हातारा गेला कामातून. मग त्यांना वरच्या वॉर्डात हलवलं, तिथे खाटेशेजारी खिडकी, समोर कडुनिंब, दोन दिवसांत माणूस ताळ्यावर. आता खिडकीमुळे की औषधं उतरल्यामुळे की घरची माणसं जवळ आल्यामुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, बहुधा सगळ्यामुळेच. पण वॉर्डात आल्यावर "सकाळ का संध्याकाळ" हा प्रश्न बंद झाला, एवढं नक्की.

यामागचं शास्त्र आता बरंच उलगडलंय. आपल्या डोळ्यात बघण्याचं काम करणाऱ्या पेशी आहेत तशा अजून एका प्रकारच्या पेशी आहेत, त्या चित्र बघत नाहीत, फक्त किती उजेड आहे ते मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. हे २००२ च्या सुमाराला पक्कं झालं, म्हणजे काल-परवाची गोष्ट. या पेशींना निळसर उजेड जास्त कळतो, आकाशाचा असतो तसा. त्या घड्याळावर झोप, अंगाचं तापमान, भूक, हार्मोन सगळं चालतं, आणि त्या घड्याळाच्या आतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आता आकडे बघा, बाहेर ढगाळ दिवस असला तरी दहाएक हजार लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि ट्यूबलाइटच्या वॉर्डात असतो दोनशे-तीनशे. आपल्या डोळ्याला दोन्ही 'उजेडच' वाटतात कारण डोळा जुळवून घेतो, पण घड्याळाला दिवस वाटायला ते दोनशे लक्स पुरत नाहीत. आणि उलट रात्री तेच दोनशे लक्स जास्त होतात! वॉर्डातल्या ट्यूब रात्रभर चालू ठेवायच्या ही आपल्याकडची पद्धत, एक पेशंट सिरीयस म्हणून नऊ जणांच्या डोळ्यावर उजेड. दिवसा उजेड आणि रात्री अंधार असं दोन्ही मिळून औषध आहे, पण अंधाराचं डिझाईन करायला कोणी पैसे देत नाही.

हे सगळं काही नवीन नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की आजारी माणसाला ताज्या हवेच्या खालोखाल कशाची गरज असेल तर उजेडाची, आणि नुसता उजेड नाही तर थेट ऊन. वर हेही, की पेशंटला न उठता, कुशी न बदलता खाटेवरून निदान आकाश तरी दिसलं पाहिजे. तिच्या पद्धतीचे वॉर्ड म्हणजे लांबलचक अरुंद हॉल, दोन्ही भिंतींना उंच खिडक्या, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला खाटा. आपल्याकडची जुनी सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलं आठवा, पुण्याचं ससून १८६७ चं, आमच्या मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं, परळचं केईएम १९२६ चं. त्या काळच्या इमारतींत उंच छत, लांब व्हरांडा, दरवाज्यावर झडपा ही रीतच होती. तेव्हा लाईट गेली तर काय हा प्रश्नच नव्हता कारण लाईटवर बिल्डिंग उभीच नव्हती. लंडनमध्ये १८२२ चं एक ऑपरेशन थिएटर अजून जपून ठेवलंय, ते चर्चच्या माळ्यावर आहे, छताला मोठी काच लावून वरून उजेड घेतलेला.

मग टीबीने उन्हाला अजून भाव आला. रॉबर्ट कॉखने १८८२ ला टीबीचा जंतू शोधला, तो उन्हात मरतो हेही पुढे कळलं, औषध तर नव्हतं, त्यामुळे ऊन, हवा, आराम आणि दूध-अंडी एवढीच ट्रीटमेंट. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये बेल-एअर काढलं ते याच हिशोबाने, आणि आमच्याकडचं वानलेसवाडीचं सॅनिटोरियम तर या भागातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतं. नंतर स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं औषध आलं, सॅनिटोरियमं ओस पडली, आणि त्याच सुमाराला ट्यूबलाइट आणि एसी आले. इथे खरा घोटाळा झाला असं मला वाटतं. तोपर्यंत बिल्डिंगची रुंदी खिडकी ठरवायची, उजेड जिथवर पोचेल तिथवरच खोली. एसी-ट्यूब आल्यावर बिल्डिंग हवी तेवढी जाड करता यायला लागली, मग पोटातल्या खोल्यांमध्ये कोण जाणार, तर ज्याला तक्रार करायची ताकद नाही तो.

उन्हाचं बोलतोय तर काविळीची गोष्ट सांगायलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात १९५६ च्या सुमाराला सिस्टर वॉर्ड नावाची एक नर्स होती, अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळायची. कोंदट नर्सरीपेक्षा बाहेरची हवा बरी असं तिचं ठाम मत, त्यामुळे ऊन पडलं की बाळं बाहेर अंगणात न्यायची. एक दिवस तिने राउंडला आलेल्या डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, अंग सगळं निवळलेलं पण दुपट्याखाली झाकलेला एक तुकडा पिवळाच. मग रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, कमी भरलं, तेव्हा डॉक्टरांची ट्यूब पेटली. १९५८ मध्ये पेपर आला, आणि आज गावोगावच्या नवजात बाळांच्या आयसीयूत निळ्या दिव्याखाली डोळ्यांना पट्टी बांधलेली बाळं असतात ती तिथून आली. आपल्या आज्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायच्या त्यातही काहीतरी होतं म्हणायचं. (कावीळ असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञाकडे न्या, घरच्या उन्हावर अवलंबून राहू नका, उन्हाचा डोस मोजता येत नाही. आणि बंद काचेतून ड जीवनसत्त्व मिळत नाही, त्याला लागणारे किरण काचच अडवते.) पण त्याच घरात बाळंतिणीची खोली बघा! खिडक्या बंद, पडदे, धुरी, शेगडी, कानाला फडकं, सव्वा महिना अंधार. बाळाला ऊन आणि आईला काळोख, हा न्याय मला कधी कळला नाही. आता मॅटर्निटी होम करताना मी भांडून बाळंतिणीच्या खोल्या पूर्वेला घेते आणि सासवा आल्या आल्या पडदे ओढतात.

बरं, उजेड पाहिजे म्हणजे काच पाहिजे असं नाही. हे परत परत सांगावं लागतं. फिनलंडमध्ये अल्वार आल्टोने १९३३ ला पूर्ण केलेलं पाइमियोचं टीबी सॅनिटोरियम सगळे आर्किटेक्ट कॉलेजात शिकतात, दक्षिणेकडे तोंड केलेल्या खोल्या, ऊन खायला गच्च्या. छान आहे, पण तिथे ऊन म्हणजे पाहुणा आणि आपल्याकडे घरजावई. तिकडची दक्षिणेची काच इकडे पश्चिमेला लावली की पेशंटची भट्टी होते, मग फिल्म लावा, मग ब्लाइंड लावा, मग दुपारी बारा वाजता लाईट लावा. निळ्या काचेच्या मागे ट्यूब चालू असलेली हॉस्पिटलं तुम्हीही बघितली असतील. त्यापेक्षा उष्ण देशांनी काय केलंय ते बघावं. ब्राझीलमधल्या साल्वादोरला लेले नावाच्या आर्किटेक्टने सारा नेटवर्क या हॉस्पिटलांच्या साखळीसाठी १९९४ मध्ये हॉस्पिटल केलंय, छपरालाच लाटांसारखे उघडे भाग, तिथून उजेडही येतो आणि गरम हवाही निघून जाते. रवांडात बुटारोला २०११ मध्ये एक हॉस्पिटल झालं, त्यात वॉर्डच्या मधोमध अर्ध्या उंचीची भिंत घातलीये आणि खाटांची डोकी तिला लावलीयेत, त्यामुळे प्रत्येक पेशंटचं तोंड खिडकीकडे. काय खर्च आला? एका भिंतीचा. वर्षानुवर्षं आपण खाटेचं डोकं खिडकीच्या भिंतीला लावतो आणि पेशंट खिडकीकडे पाठ करून समोरच्या पेशंटचं सलाईन मोजत बसतो.

आपल्या उन्हाचं गणित तसं सोपं आहे. शून्य सावलीचा दिवस माहितीये ना, पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला, सांगलीत त्याच्या आठवडाभर आधी, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचं ऊन छतावर पडतं, उत्तर-दक्षिण खिडक्यांत फार शिरत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, डिसेंबरात भर दुपारी क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपास. त्यामुळे दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर साधा दोन फुटांचा छज्जा टाकला तर मार्चनंतर दुपारचं ऊन आत येत नाही आणि डिसेंबरात खालच्या दीडेक फुटातून बरोब्बर खाटेवर येतं, तेव्हाच हवं असतं. उत्तरेचा उजेड वर्षभर शांत. पूर्वेचं ऊन कोवळं, नऊपर्यंत हवंहवंसं. पश्चिम म्हणजे शिक्षा, तिथे जिने, लिफ्ट, स्टोअर, टॉयलेट, काय टाकायचं ते टाका. हे काही रॉकेट सायन्स नाही, आपल्या जुन्या गवंड्यांना कळायचं. पण प्लॉट असतो पश्चिमेच्या रस्त्याला, 'फ्रंट' पश्चिमेला, आणि डीलक्स रूम फ्रंटलाच पाहिजेत.

दुसरं म्हणजे खिडकी किती मोठी यापेक्षा किती उंच आणि किती खाली. उजेड आत किती खोल जातो ते खिडकीच्या वरच्या कडेवर ठरतं, अंदाजे त्या उंचीच्या दुप्पट, थोडं जास्त. म्हणून जुन्या वॉर्डात खिडक्या पार छताला भिडलेल्या असायच्या. आपण काय करतो, एसीच्या डक्ट लपवायला फॉल्स सीलिंग दीड-दोन फूट खाली आणतो, खिडकीचा वरचा भाग त्यात गडप, आणि आतल्या खाटांचा उजेड तिथेच संपला. कमीत कमी खिडकीपाशी तरी सीलिंग वर ठेवा म्हणून मी प्रत्येक साइटवर इंटिरियरवाल्याशी वाद घालते. आणि खालची कड, म्हणजे सिल. सगळीकडे डोळे मिटून तीन फूट. उभ्या माणसाला ठीक आहे, बसलेल्याला ठीक आहे, पण खाटेवर आडवं पडलं की डोळा येतो अडीच फुटांच्या आसपास, मग काय दिसणार, भिंत आणि वर आकाशाची चिंधी. सिल दोन फुटांवर आणलं की झाड दिसतं, रस्ता दिसतो, चहाची टपरी दिसते. लोखंडी गज नीट बसवावे लागतात, लहान मुलं आणि भ्रमातला पेशंट यांचा विचार करून फटी ठेवाव्या लागतात, ते करता येतं. आल्टोने पुढे सांगितलं होतं की पाइमियोचं काम आलं तेव्हा तो स्वतः आजारी होता आणि झोपून राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की खोल्या उभ्या माणसासाठी केलेल्या असतात. म्हणून त्याने छताला डोळ्यांना शांत वाटेल असा रंग दिला आणि दिवा पेशंटच्या डोळ्यावर येणार नाही असा लावला. मी आता साइटवर सँपल रूम झाली की तिथे खाट टाकून डॉक्टरांना झोपायला लावते. आधी लाजतात, मग पाच मिनिटं उठत नाहीत, थकलेले असतात.

टॉयलेटचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे प्लंबिंग सोपं जावं आणि वास जावा म्हणून टॉयलेट बाहेरच्या भिंतीला घेतात, म्हणजे खोलीच्या दहा-बारा फूट बाहेरच्या भिंतीतली निम्मी टॉयलेटने खाल्ली, खिडकीला उरले पाच फूट, त्यात स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट आणि त्यावर कबुतरं. टॉयलेट पॅसेजच्या बाजूला घेतलं तर पूर्ण भिंत मोकळी होते पण मग एक्झॉस्ट डक्ट नीट चालली पाहिजे, आणि ती चालू ठेवायची तर मेंटेनन्स आला. इथे मी स्वतः दरवेळी एकच उत्तर देत नाही, कोण चालवणार आहे ते बघून ठरवते. ट्विन शेअरिंगमध्ये तर उघड अन्याय, खिडकीची खाट आणि दाराची खाट, भाडं दोघांना सारखं, मधला पडदा ओढला की दारवाल्याचा दिवस संपला. पडद्याचा वरचा दीड फूट जाळीचा घेतला तरी छताकडून थोडा उजेड पलीकडे जातो, तेवढं तरी करा.

आणि सिस्टर! उजेडाच्या सगळ्या चर्चेत पेशंट असतो, सिस्टर कुठेच नसते. पेशंट चार दिवसांनी घरी जातो, ती वर्षानुवर्षं तिथेच. तुर्कस्तानात अंतल्याच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात १४१ नर्सेसचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला, ज्यांना दिवसातून निदान तीन तास नैसर्गिक उजेड मिळत होता त्यांचा ताण कमी आणि कामाचं समाधान जास्त. आपल्याकडे नर्सिंग स्टेशन मजल्याच्या मधोमध, ते सोयीचं आहे हे मान्य, सगळीकडे लक्ष राहतं. पण मग निदान त्यांची डबा खायची खोली तरी खिडकीची द्या ना. मी बघितलेल्या कितीतरी ठिकाणी सिस्टर आणि मावशी जिन्याखाली नाहीतर लिनन रूममध्ये गठ्ठ्यांवर बसून जेवतात आणि त्याच मजल्यावर डायरेक्टरांच्या केबिनला दोन बाजूंनी काच असते, जी दिवसातून तासभर वापरली जाते.

खर्च वाढतो का, तर हो, थोडा वाढतो. मधे उजेडासाठी चौक सोडला, ज्याला आमच्या ड्रॉइंगमध्ये ओटीएस म्हणतात, तर दर मजल्याला एक-दोन खाटांची जागा जाते आणि डॉक्टरांच्या डोक्यात लगेच त्या खाटांचा महिन्याचा हिशोब चालू होतो. चौक अरुंद केला तर खालच्या मजल्यावर उजेड पोचतच नाही, नुसता कबुतरखाना होतो, त्यापेक्षा न केलेला बरा. पण छज्जा, सिलची उंची, खाटेचं तोंड, सीलिंगची पातळी, पांढरा रंग, कोणती खोली कुठल्या दिशेला, याला जवळपास पैसेच लागत नाहीत, फक्त आधी ठरवावं लागतं. प्लॅन पास झाल्यावर, कॉलम उभे राहिल्यावर "मॅडम, जरा उजेडाचं बघा ना" म्हणून फोन येतात तेव्हा माझ्या हातात पडद्याचा रंग सोडून काही उरलेलं नसतं.

सध्या एक तीस खाटांचं काम चालू आहे, डॉक्टर नवरा-बायको, बायको भूलतज्ज्ञ. तिनेच आयसीयूला पूर्वेची खिडकी मागितली, म्हणाली पेशंट उठायला लागला की त्याला सकाळ दाखवायचीये, मला तर हुरूपच आला. सिल दोन फुटांवर मान्य झालं, टॉयलेट आत घ्यायचं ठरलं, डीलक्स रूम दक्षिणेला फिरवल्या. नवरोबा निळी काच आता फक्त जिन्यापुरती लावायला तयार झालेत. आता अडलंय ते जनरेटरवर. इलेक्ट्रिकलवाला म्हणतो डीजी सेट ठेवायला पूर्वेचंच मार्जिन मोकळं आहे, म्हणजे बरोब्बर आयसीयूच्या खिडकीखाली, आवाज आणि धूर दोन्ही. पश्चिमेला न्यायचा तर पार्किंगच्या दोन गाड्या कमी होतात आणि मग महापालिका पार्किंग धरणार. शुक्रवारी परत मीटिंग आहे, मी जनरेटर गच्चीवर नेता येतो का ते स्ट्रक्चरलवाल्याला विचारून ठेवलंय, तो म्हणाला बीमची साइज वाढेल, बघतो.